आजारी की दांडी? खाड्याच्या दोन जाती

हजेरीपुस्तकात दोघांपुढेही लाल शाईची एकच फुली पडते. यवतमाळकडच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नऊ हंगाम हजेरी मांडतो आहे. फुलीवरून काही ओळखता येत नाही, एवढं कळलं.

आजारपण म्हणजे 'का आला नाही' याचं उत्तर. विनापरवाना गैरहजेरी म्हणजे 'कळवलं होतं का, रजा मंजूर होती का' याचं. प्रश्नच दोन, त्यामुळे एकच माणूस दोन्हींत सापडतो: तापानं फणफणलेला, पण निरोप न धाडलेला. उलटही होतं, ठणठणीत माणूस आणि खिशात डॉक्टरचा दाखला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे पोटदुखीची जी साथ येते तिच्यावर औषध निघालेलं नाही.

गाठी बांधायला एक पोरगा होता. महिन्या-दीड महिन्यानं तीन दिवस गायब, फोन बंद. मुकादम म्हणे, "भाऊ, थो दारू पेते, काढून टाका." मी नोटीस टाइप करून ठेवली होती. मग त्याची माय आली, पदराच्या गाठीत सरकारी दवाखान्याचं सिकलसेलचं कार्ड. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. थंडी, कमी पाणी, अतिश्रम यांनी दुखणं उठतं. आमचा हंगाम नेमका हिवाळ्यात! अशा वेळी फोन उचलायचं त्राण कुणाला? मधल्या दिवसांत मात्र तो चांगला दिसायचा, म्हणूनच संशय.

कोर्टानं हा फरक केव्हाच केला आहे. कृष्णकांत परमार या सरकारी कर्मचाऱ्याच्या खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय तो कसूर नाही. आजार, अपघात, दवाखाना असा नाइलाज असू शकतो. त्याआधी १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात, आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून आपोआप कमी केलेल्या कामगाराला कोर्टानं परत घ्यायला लावलं, कारण त्याचं म्हणणंच ऐकलं नव्हतं. "आला नाही, नाव कापलं" हा मालकांचा लाडका उपाय तिथंच कोसळतो.

म्हणून मी आधी फोन करतो, मग गावातल्या कुणाला तरी घरी पाठवतो. तरी पत्ता नसेल तर मराठीत पत्र, पोचपावतीसह स्पीड पोस्टानं: अमुक तारखेपर्यंत हजर व्हा किंवा कारण कळवा. त्यानंतरच चौकशी. दाखल्यावर शंका आली तरी मी डॉक्टर होत नाही, तारखा तेवढ्या जुळवतो.

पैशाचंही वेगळं. दांडीचा रोज कापला की विषय संपला. आजाऱ्याला मात्र ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल आणि वर्गणी पुरेशी भरली असेल, तर सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. दाखला लागतोच. बाजारातल्या ठरावीक संख्येहून जास्त माणसांच्या दुकानाला २०१७ चा राज्याचा कायदा आठ किरकोळ रजा द्यायला लावतो.

तो पोरगा आता वजनकाट्यावर बसतो. दुखणं उठलं की त्याची बहीण 'आज नाही' एवढाच मेसेज टाकते, आणि मी फुलीऐवजी 'आ' लिहितो.