मोझ्ली, सर ऑझ्वल्ड

मोझ्ली, सर ऑझ्वल्ड एर्नल्ड : (१६ नोव्हेंबर १८९६–३ डिसेंबर १९८०). ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी. जन्म लंडन येथे, बॅरोनेट (वंशपरंपरागत ‘सर’ किताब असलेल्या) घराण्यात. शिक्षण विंचेस्टर व सँडहर्स्ट (लष्करी अकादमी) येथे. पहिल्या महायुद्धात विमान अपघातात पाय दुखावल्याने तो पुढे लंगडत चाले. १९१८ मध्ये हॅरोमधून हुजूर पक्षातर्फे तो संसदेत निवडून आला. हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याची मुलगी सिंथिया ही त्याची पहिली पत्नी (विवाह १९२०). आयर्लंडमधील सरकारी दडपशाहीच्या निषेधार्थ त्याने पक्ष सोडला व १९२४ मध्ये मजूर पक्षात प्रवेश केला.

१९२९ च्या मजूर सरकारात बेकारी निवारणाच्या कामात त्याचा वाटा होता. सार्वजनिक बांधकामे, शाळा सोडण्याचे वय वाढविणे, वृद्धांना लवकर निवृत्तिवेतन व आयातीवर नियंत्रण या त्याच्या सूचना फेटाळल्या गेल्या. मे १९३० मध्ये त्याने राजीनामा दिला. १९३१ च्या निवडणुकीत त्याने काढलेल्या न्यू पार्टी या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. इटलीला भेट देऊन आल्यावर त्याने १ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ची स्थापना केली. ‘डेली मेल’ या वृत्तपत्राच्या पाठिंब्याने १९३४ मध्ये सदस्यसंख्या बहुधा ५० हजारांच्या आसपास गेली. त्या वर्षी ७ जून रोजी ऑलिंपिया सभागृहात काळ्या सदऱ्यातील स्वयंसेवकांनी विरोधकांना केलेली मारहाण गाजली. वृत्तपत्राचा पाठिंबा गेला आणि सदस्यसंख्या झपाट्याने घसरली.

पक्षाच्या ज्यूद्वेषाचा उगम वादग्रस्त आहे. ज्यूंच्या विरोधामुळे तो नंतर उद्‌भवला, असे इतिहासकार स्किडेल्स्की याने १९७५ च्या मोझ्लीच्या चरित्रात सुचविले. परंतु पक्षाच्या मुखपत्राने नोव्हेंबर १९३३ मध्येच पहिल्या पानावर ज्यूंवर आरोप केले होते. हा द्वेष आरंभापासूनच होता, ऑक्टोबर १९३४ मधील अल्बर्ट हॉलच्या भाषणात तो उघड धोरण झाला, हे अलीकडच्या संशोधकांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

४ ऑक्टोबर १९३६ रोजी पक्षाचा पूर्व लंडनमधील मोर्चा केबल स्ट्रीट येथे रोखला गेला. चकमकी मुख्यतः पोलीस व फॅसिस्टविरोधक यांच्यात झाल्या. पोलीस आयुक्ताने मोर्चाला त्या भागात जाऊ दिले नाही. १ जानेवारी १९३७ पासून अमलात आलेल्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने राजकीय गणवेशावर बंदी आली. मोर्चाचा मार्ग बदलण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, तर गृहमंत्र्याच्या संमतीने तीन महिन्यांपर्यंत मोर्चांवर बंदी घालणे शक्य झाले. मार्च १९३७ च्या लंडन कौंटी कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासन) निवडणुकीत पूर्व लंडनमधील ईशान्य बेथनल ग्रीनमध्ये पक्षाला सु. २३ टक्के मते पडली, जागा मात्र एकही मिळाली नाही. मताधिकार मुख्यतः घरभाडे वा कर भरणाऱ्यांपुरता असल्याने पक्षाच्या तरुण समर्थकांना मतदान करता आले नाही, असे काहींचे मत आहे.

इटलीकडून गुप्त पैसा मिळत असल्याचे कागदपत्रांवरून दिसते. मोझ्ली ते नाकारीत राहिला. डायना मिटफर्डशी त्याचा दुसरा विवाह ६ ऑक्टोबर १९३६ रोजी बर्लिनमध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी हिटलरच्या उपस्थितीत झाला. २३ मे १९४० रोजी विनियम १८ ब (खटल्याविना स्थानबद्धतेचा युद्धकालीन नियम) खाली त्याला स्थानबद्ध करण्यात आले व जुलैमध्ये पक्षावर बंदी आली. आजारपणामुळे नोव्हेंबर १९४३ मध्ये सुटका झाली. १९४८ मध्ये त्याने युनियन मूव्हमेंट हा पक्ष काढला. १९५१ मध्ये ब्रिटन सोडले. १९५९ च्या संसदीय निवडणुकीत लंडनमधील उत्तर केन्सिंग्टन येथे सु. ८ टक्के मते मिळून अनामत रक्कम जप्त झाली, १९६६ मध्येही तो पडला. पॅरिसजवळील ऑर्से येथे त्याचे निधन झाले.