जर्मन नामांच्या लिंगाला नियमच नसतो?

ऑनलाइन जर्मन शिकणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं: डेर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), डास (नपुंसकलिंगी) ही नामाआधी लागणारी आर्टिकल नुसती घोका, त्याला नियम नाही. हे अर्धंच खरं आहे.

शब्दाचा शेवट बघा. उंग, हाइट, काइट, शाफ्ट हे प्रत्यय लागलेली नामं स्त्रीलिंगी: डी त्साइटुंग (वर्तमानपत्र), डी वोनुंग (घर, फ्लॅट). 'डेर श्प्रुंग' म्हणजे उडी, हा अपवाद वाटतो. पण तिथे उंग हा प्रत्यय नाही, मूळ शब्दाचाच भाग आहे. शेन हा लहान रूप दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी, म्हणून मुलगी 'डास मेड्शेन'. आपलं 'ते वासरू', 'ते कोकरू' आठवा, मग नवल वाटणार नाही. वार, महिने, ऋतू सगळे पुल्लिंगी.

घोकायचे ते टिश (टेबल), ट्यूर (दार) असे छोटे शब्द. इथेच मराठीचं लिंग आड येतं: आपला सूर्य 'तो', त्यांची झोनं 'ती'.

फ्लॅशकार्डावर एका बाजूला मराठी अर्थ, मागे आर्टिकल, नाम आणि अनेकवचन एकत्र लिहा: डी त्साइटुंग, डी त्साइटुंगेन. डूडनच्या मोफत ऑनलाइन कोशात तिन्ही मिळतात. अ‍ॅपमध्ये पर्याय निवडू नका, उत्तर टाइप करा. तीनांतून एक ओळखता येतं, बोलताना मात्र आठवत नाही.