बिंदू ओढून बघा

मांडवाच्या खांबांभोवती बाहेरून दोरी ताणली, तर ती कडेच्या खांबांनाच टेकते, आतल्यांना शिवतही नाही. आपल्याला हे बघता क्षणी कळतं. संगणकाकडे मात्र प्रत्येक खांबाचे दोन आकडे असतात, बस्स! त्यावरून कडेचे खांब हुडकायची एक देखणी रीत रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९७२ मध्ये मांडली.

खांबांना बिंदू मानून सर्वांत खालचा बिंदू धरायचा, बाकीचे त्याच्याभोवती कोनाच्या क्रमाने लावायचे आणि घड्याळाच्या उलट दिशेने निघायचं. लागोपाठच्या तीन बिंदूंतून जाताना वळण डावीकडे आलं तर पुढे चला. उजवीकडे आलं तर मधला बिंदू बाद. मुलं अडतात ती याच्या पुढे. एक बिंदू गळला की त्याच्या आधीचं वळण पुन्हा तपासावं लागतं, तेही उजवं निघालं तर आणखी एक गळतो. हे मागे सरकत जाणं छापील आकृतीत दाखवणार कसं? ॲनिमेशनमध्ये ते पायरीपायरीने दिसतं.

पण नुसतं दिसून भागत नाही. टोरोंटो विद्यापीठात १९८१ मध्ये सॉर्टिंगच्या, म्हणजे माहिती क्रमाने लावायच्या, नऊ रीती दाखवणारा अर्ध्या तासाचा चित्रपट तयार झाला. फार गाजला तो. पण चित्रपट म्हणजे शेवटी हाताची घडी घालून बघायची गोष्ट. पुढे २००२ मध्ये अशा चित्रणांवरच्या चोवीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात आढळलं, की विद्यार्थ्यांनी काय पाहिलं यापेक्षा त्यांनी स्वतः काय केलं, याला जास्त महत्त्व आहे. म्हणून ‘प्ले’चं बटण दाबून बसण्यापेक्षा पुढचं वळण कुठलं ते आधी सांगावं, मग पायरी पुढे न्यावी.

आणि पडद्यावरचे बिंदू ओढावेत. भूमितीतली ही ओढाओढ मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरने शाळाशाळांत नेली. वरच्या उदाहरणात आतला एखादा बिंदू पकडून हळूहळू कडेच्या रेषेवर आणा. आता वळण डावं की उजवं? कुठलंच नाही! असा बिंदू ठेवायचा की गाळायचा, हे रीत लिहिणाऱ्याने आधीच ठरवायला हवं. शिवाय डोळ्यांना अगदी रेषेवर दिसणाऱ्या बिंदूपाशी दशांशांच्या काटछाटीमुळे संगणकाला किंचित डावं वळण वाटू शकतं. मग काठावर एक फाजील कोपरा उगवतो, आणि तो बिंदू केसभर आत सरकवला की नाहीसा होतो.