उतार फुकटचा नसतो

उन्हं कलली की दोघांनी जवळची टेकडी चढायची आणि दिवेलागणीच्या आत खाली यायचं, या कार्यक्रमात सगळं लक्ष असतं ते चढावर. धाप चढताना लागते, घाम चढताना येतो, 'जरा थांबू या' हेही चढतानाच म्हटलं जातं. उतरणं म्हणजे नुसतं परतणं, त्यात काय मोठंसं! पण स्नायूंच्या दृष्टीने उतरणं हे सर्वस्वी वेगळं काम आहे, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या बहुतेक त्याच्यामुळेच.

आधी चढाचं गणित. ६० किलो वजनाचं माणूस १०० मीटर उंच चढलं, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ५९ हजार ज्यूल काम होतं, म्हणजे जेमतेम १४ किलोकॅलरी. मात्र स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामी लावतात. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. त्यामुळे नुसत्या उंचीचा खर्च ५५-६० किलोकॅलरींच्या घरात जातो, आणि घामाच्या धारा लागतात. पहिली दोन-तीन मिनिटं विशेष जड जातात, कारण स्नायूंची ऑक्सिजनची मागणी एकदम वाढते आणि ती पुरी करायला हृदय-फुफ्फुसांना तेवढा वेळ लागतो. पहिल्याच वळणावर 'आज काही जमत नाही' असं वाटलं तर वेग कमी करावा, परत फिरू नये.

दोघांचा वेग सहसा सारखा नसतो. प्रत्येकजण नकळत आपल्या शरीराला कमी खर्चात पडेल अशा वेगाच्या आसपास चालतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सपाट ट्रॅकवर जोडप्यांना चालवून पाहिलं, तेव्हा जोडीदारासोबत चालताना पुरुषांनी आपला वेग सुमारे ७ टक्क्यांनी कमी केला होता. चढावर मात्र अशी तडजोड आपोआप होईलच असं नाही. तिथे बोलण्याकडे लक्ष ठेवावं. एकजण लांबलचक वाक्यं बोलतोय आणि दुसऱ्याकडून फक्त 'हं' येतंय, म्हणजे तो वेग दुसऱ्याला झेपत नाही. अशा वेळी दमणाऱ्याने पुढे चालावं, वेग त्याचा असावा.

आता उतार. उंच दगडावरून एक पाय हळूच खाली टाका आणि वर राहिलेल्या पायाच्या मांडीवर हात ठेवून पाहा. गुडघा वाकत जातो, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट असतो, पण आखडण्याऐवजी तो ताणला जात असतो. तो शरीराला ढकलत नाही, धरून ठेवतो, ब्रेकसारखा. हे काम किती स्वस्त पडतं ते १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने ते उलट फिरणारं पेडल पायाने रोखायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कित्येक पटींनी कमी लागला. प्रात्यक्षिकात लहानखुऱ्या ब्रेंडा बिगलँड यांनी समोरच्या धडधाकट तरुणाला फारसे कष्ट न घेता दमवलं, आणि मला हा शरीरशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

हा स्वस्तपणा पुढे वसूल होतो. ताणले जाताना तेवढाच जोर लावायला कमी स्नायुतंतू पुरतात, त्यामुळे एकेका तंतूवर भार जास्त येतो आणि त्यात सूक्ष्म इजा होतात. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. त्याचं खापर श्रमाच्या वेळी स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडलं जातं, ते चुकीचं आहे. ते तर तासाभरात निवळतं. दिलासा असा, की एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने फारसा दुखत नाही. नेमाने टेकडीवर जाणाऱ्यांचे पाय म्हणूनच कुरकुरत नाहीत.

उतरण्याची वेळही सांभाळायला हवी. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना प्रत्येक खड्याची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते, त्यामुळे वाटेतला उंचसखलपणा स्पष्ट उठून दिसतो. सूर्य बुडाला की या सावल्या जातात. उजेड असतो, तरी घसारा आणि पक्की जमीन सारखीच सपाट भासते. सूर्यास्त माथ्यावरून पाहायचा असेल तर विजेरी बरोबर हवीच. खडबडीत वाटेवर आपली नजर बहुतेक वेळ दोनेक पावलं पुढची जागा हेरत असते, हे डोळ्यांच्या हालचाली मोजून दिसून आलं आहे. तेव्हा उतरताना मागच्याने पुढच्याच्या पाठीला लागून चालू नये. मध्ये तीन-चार पावलांचं अंतर ठेवलं, की आपला पाय कुठे पडणार आहे ते त्याला वेळेवर दिसतं.