नाशिकच्या द्राक्षबागेत औषधं कशी वाढली आणि जैविक उपाय कुठून आले

सेंद्रिय शेती म्हटलं की आजोबांच्या काळातलं बिनऔषधाचं शिवार डोळ्यांसमोर येतं. बाजरी-हरभऱ्याला ते लागू पडेल, नाशिकच्या द्राक्षाला पडत नाही. ओझर परिसरात १९२५च्या सुमारास द्राक्षलागवड सुरू झाली, तेव्हा बोर्डो मिश्रण जगाला माहीत होऊन ४० वर्षं झाली होती. फ्रान्सच्या बोर्डो भागात चोरट्यांनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. डाऊनी (केवडा) या पानं-घड नासवणाऱ्या रोगाच्या साथीत त्याच वेली तगल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५मध्ये हे मिश्रण जाहीर केलं.

आपल्याकडे आजही ते बांधावरच तयार होतं. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या पिंपात एकत्र करायचं आणि लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तसंच फवारलं तर पानं करपतात. सेंद्रिय शेतीत बोर्डो चालतं, पण तांबं जमिनीत साचत जातं. म्हणूनच युरोपने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं अशी मर्यादा घातली आहे.

बागेचं खरं गणित बदललं ते थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात आल्यावर. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. ऑक्टोबरात नवी फूट पोंग्यातून बाहेर पडते आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. पानावर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. फुलोऱ्यातला घड सापडला तर हंगामच गेला. त्यात मणी फुगवण्यासाठी जिबरेलिक या संजीवकात घड बुडवणं (डिपिंग), पानांचा दाट पसारा (कॅनोपी), एकमेकांना चिकटलेले घड. हवा खेळत नाही, मग भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखा बुरशीरोग, आलीच. इतक्या फवारण्यांबद्दल शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांनी हे वेळापत्रक आधी समजून घ्यायला हवं.

ब्रेक लागला तो परदेशी बाजारातून. १९९१मध्ये महाग्रेप्सच्या रूपाने सहकारी निर्यातीला संघटित रूप आलं. २००३मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर अवशेष तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि २००६पासून ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेमुळे प्रत्येक निर्यात प्लॉटची नोंद होऊ लागली. तरी २०१०मध्ये सीसीसीने घात केला. काडीची वाढ रोखण्यासाठी वापरायचं हे संजीवक तपासणीच्या यादीतच नव्हतं. माल युरोपात पोहोचल्यावर अडकला. तेव्हापासून एमआरएल (फळात चालणाऱ्या औषध-अंशाची कमाल मर्यादा) हा शब्द निफाड-दिंडोरीत पारावरच्या गप्पांत आला.

जैविक उपायांना बागेत जागा मिळाली ती इथे. काढणीआधीचे शेवटचे आठवडे रासायनिक औषध मारता येत नाही, आणि भुरी आणि रस शोषणारी पिठ्या ढेकूण ही कीड तर तेव्हाच जोर धरतात. पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७चं. तिथल्या शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू यांच्या वापरावर बरंच काम केलं आहे. भुरीच्या बुरशीवर जगणारी अँपेलोमायसिस ही बुरशीही आहे. यात एक अडचण कायम राहते: आज ट्रायकोडर्मा आणि उद्या बुरशीनाशक असं केलं तर पैसे वाया जातात. दोन्हींमध्ये अंतर हवं.

पिठ्या ढेकणाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तो खोडाच्या सुट्या सालीखाली दडतो, तिथे फवारा पोहोचत नाही. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून खरड छाटणीनंतर साल काढून टाकणं, खोडाजवळच्या मुंग्यांचा बंदोबस्त करणं आणि मग पिठ्याला खाणारा क्रिप्टोलीमस ढालकिडा सोडणं, हा क्रम लागतो. त्याची अळीही पांढरी, मेणचट, पिठ्यासारखीच दिसते. अनेकदा मजूर तिलाच चिरडतात. एक जहाल कीटकनाशक फवारलं तर आधी हा ढालकिडा मरतो आणि सालीखालचा पिठ्या वाचतो.

पण पाऊस बेभरवशाचा झाला की ही घडी विस्कटते. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळाच्या पावसात आणि २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत नाशिकच्या बागा डाऊनीने झोडपल्या. बागलाणातल्या अर्ली बागा तर भर पावसाळ्यातच छाटल्या जातात; नाताळच्या चढ्या भावासाठी घेतलेली ही जोखीम फवारणीशिवाय पेलत नाही. माझ्या मते जैविक औषधाची बाटली नंतर यावी. आधी छाटणीची तारीख, काड्यांची विरळणी आणि घडांची संख्या यांवर बोलायला हवं. प्लास्टिक आच्छादनाने पान कोरडं राहून डाऊनी आटोक्यात येते, मात्र आडोशाला भुरीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं आणि एकरी खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्याबाहेर जातो.

म्हणूनच नाशिकमध्ये ‘रेसिड्यू फ्री’ माल भरपूर आणि प्रमाणित सेंद्रिय द्राक्ष मोजकंच दिसतं. रेसिड्यू फ्रीला काढणीच्या वेळचा अहवाल स्वच्छ लागतो. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी बहुवार्षिक पिकाला ३ वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो, आणि त्यातला एक जरी ऑक्टोबर ओला गेला तरी बँकेचा हप्ता भरायचा कशातून, हे बागायतदाराला सुचत नाही.