कारखान्याशेजारच्या विहिरीचे पाणी: अहवाल कसा मागावा, नमुना कसा द्यावा

बेळगाव जिल्ह्यात उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींच्या कडेला किंवा चिक्कोडी-निपाणीकडच्या साखर कारखान्यांच्या परिसरात ज्यांची विहीर किंवा बोअर आहे, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘पाणी कुठे तपासून मिळेल’ असा असतो. त्याआधी आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे कारखान्याने स्वतः केलेल्या भूजल तपासणीचे आकडे कुठे आहेत. अनेक मोठ्या प्रकल्पांना आवारातील व आसपासच्या विहिरींचे पाणी ठरावीक काळाने तपासण्याची अट असते आणि ते अहवाल कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. आपण आज दिलेल्या एका नमुन्यापेक्षा पाच वर्षांची ती आकडेवारी जास्त सांगून जाते.

हे अहवाल माहिती अधिकार कायदा, 2005 खाली कोणताही भारतीय नागरिक मागू शकतो. जमीन आपली असण्याची गरज नाही आणि कारणही सांगावे लागत नाही. अर्ज मंडळाच्या आपल्या भागासाठीच्या प्रादेशिक कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करावा. शुल्क 10 रुपये असून ते पोस्टल ऑर्डरने भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने रेशन कार्डाची प्रत जोडल्यास शुल्क माफ असते. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा आहे, त्यामुळे गाऱ्हाणे लिहिण्यात जागा घालवू नये. कारखान्याचे नाव, कालावधी आणि ‘भूजल तपासणी अहवालांच्या प्रती तसेच चालू संमतीपत्रातील अटी’ एवढे नेमके मागावे. संमतीपत्र म्हणजे कारखाना चालवण्यासाठी मंडळ देते ती परवानगी. उत्तर 30 दिवसांत यायला हवे; न आल्यास पुढील 30 दिवसांत पहिले अपील करता येते.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात टाळता येत नाही. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये, करता येतो. मराठी अर्ज परत आला की महिना वाया जातो. सीमाप्रश्न न्यायालयात आहे; तोवर ज्याला कन्नड लिहिता येत नाही त्याने हिंदीत अर्ज करावा आणि हवी तर सोबत मराठी प्रत जोडावी.

केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेखाली पर्यावरणीय मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांना दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबर रोजी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो व तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. शिवाय जल प्रदूषण कायदा, 1974 च्या कलम 25 नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि बाधित व्यक्तीला ती पाहता येते.

आता आपल्या विहिरीचा नमुना. जलजीवन मिशनच्या जिल्हा प्रयोगशाळेत साधी रासायनिक तपासणी माफक दरात होते. शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंसाठी मात्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची प्रयोगशाळा गाठावी. सोबत ओळखपत्र आणि शेताचा उतारा न्यावा. उतारा कायद्याने लागतो म्हणून नव्हे, तर पुढे तक्रारीत विहीर कोणत्या सर्व्हे नंबरात आहे हे विचारले जाते म्हणून. बोअर किमान दहा मिनिटे चालू ठेवून, पाइपातले साचलेले पाणी गेल्यावर नवा प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. लोणच्याची धुतलेली बरणी चालणार नाही, कारण तिच्यातले मीठ थेट क्लोराइडच्या आकड्यात उतरते. जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावी. धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावे लागते, ते घातलेली बाटलीही तेथूनच मिळते. ती विसळली किंवा ओतू जाईपर्यंत भरली तर आम्ल निघून जाते. चिकटपट्टीवर तारीख, वेळ, सर्व्हे नंबर आणि पाण्याची पातळी लिहावी.

एकाच विहिरीच्या नमुन्याने काही ठरत नाही. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक आणि उताराकडची एक अशा दोन विहिरी एकाच दिवशी घ्याव्यात. जिल्ह्याच्या उत्तर भागात काळा खडक आहे आणि त्यातले पाणी भेगांमधून वाहते. त्यामुळे भिंतीला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन शेते पलीकडची खराब, असेही होऊ शकते.

भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. नायट्रेट 45 च्या वर जाऊ नये. मात्र नायट्रेट वाढले म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवणे घाईचे ठरेल, कारण उसाला टाकलेला युरिया, उकिरडा आणि शोषखड्डा यांमुळेही ते वाढते. वरच्या विहिरीत क्लोराइड कमी आणि खालच्या विहिरीत कितीतरी पट, असा फरक मात्र गांभीर्याने घ्यावा.

असा फरक दिसल्यास दोन्ही अहवाल, उतारा आणि हाताने काढलेला नकाशा जोडून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात तक्रार द्यावी, प्रत ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्यावी आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्यावी. जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 खाली मंडळाला विहिरीतूनही नमुना घेण्याचा अधिकार आहे, म्हणून तक्रारीत ‘मंडळाने स्वतः नमुना घ्यावा’ ही मागणी स्पष्ट लिहावी. आपला खासगी अहवाल पाहणीला कारण देतो. पण कारवाई टिकायची तर मंडळाने स्वतः घेतलेला नमुनाच हाताशी हवा. मे महिन्यात नमुना दिला असेल तर दुसरा त्याच दोन विहिरींतून नोव्हेंबरमध्ये द्यावा, कारण पावसाळ्यात पाणी पातळ होऊन आकडे खाली येतात आणि केवळ तेवढ्यावर ‘सुधारणा झाली’ असे उत्तर मिळू शकते.