टॅपेट सेटिंग

इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट ठरलेल्या मापावर आणण्याच्या कामाला टॅपेट सेटिंग म्हणतात. नाव तसे फसवे आहे. खरा टॅपेट खाली कॅमशाफ्टवर, म्हणजे कॅमचे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, बसलेला असतो आणि इंजिन खोलल्याशिवाय दिसतही नाही. हात लागतो तो वर रॉकरच्या टोकाला असलेल्या स्क्रूला. तरी गॅरेजमध्ये ‘टॅपेट वाजतायत’ असेच म्हणतात. पुस्तकी मराठीतला ‘झडप’ हा शब्द तर मिस्त्रीच्या तोंडी कधी येत नाही.

भारतीय रस्त्यांवरच्या जुन्या ट्रकांत हे काम प्रामुख्याने टाटाच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांशी जोडलेले आहे. टेल्कोने (पुढची टाटा मोटर्स) १९५४ साली डाइमलर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये ते सहकार्य संपले, पण इंजिनांची घडण जर्मनच राहिली. ६९२ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६९७ म्हणजे ९७ मिमी बोअर. पहिले सुमारे ४.८ लिटरचे, दुसरे सुमारे ५.७ लिटरचे. दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या उभ्या दांडीला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. लाकडी केबिनच्या अनेक ट्रकांत इंजिनाचा डबा ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध असल्यामुळे टॅपेटचा आवाज सगळ्यात आधी त्या दोघांनाच ऐकू येतो.

फट मुळात हवी कशाला? इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते. जागाच ठेवली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, पूर्ण टेकणार नाही. धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळक्या वायूत असतो, जास्त तापतो, म्हणून त्याची फट मोठी. ६९७ च्या घडणीत थंड इंजिनावर इनलेट (हवा घेणारा व्हॉल्व्ह) ०.२० मिमी आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी असे माप आहे; ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, आठ आणि बारा. पुढे आलेल्या कमिन्सच्या सिक्स बीटी इंजिनाला दहा आणि वीस लागते. एकाचे माप दुसऱ्याला लावून चालत नाही, आणि थंड इंजिनाचे माप गरम इंजिनावर घेऊनही चालत नाही.

फट वाढली की आवाज येतो. कॅमच्या उताराची रचना अशी असते की व्हॉल्व्ह सीटवर अलगद टेकावा. फट मोठी असेल तर व्हॉल्व्ह तो उतार संपण्याआधीच आदळतो. शिवाय उशिरा उघडतो, लवकर मिटतो, पुरता उघडतही नाही. आवाज बारीक, धातूचा, वरच्या बाजूने येणारा. कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ६०० फेऱ्यांना एक सैल टॅपेट सेकंदाला पाच वेळा टकटकतो. याउलट बेअरिंगचा ठोका जड असतो, खालून येतो आणि चढाला लोड घेतल्यावर वाढतो.

खरी फसगत इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, ठोक्याशी होते, कारण तोही निम्म्याच वेगाने पडतो. इंजिन स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा सैल करतात. त्या सिलिंडरचे डिझेल तुटल्यावर ठोका थांबला तर दोष इंधनाच्या बाजूला. टकटक तशीच राहिली तर संशय टॅपेटवर. सुटणारे डिझेल जोरात उडते, हात आणि डोळे दूर ठेवावे लागतात. मग रॉकरवरचे कव्हर काढून, इंजिन स्लोवर चालू असताना रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवतात. ज्या रॉकरखाली पाती गेली की आवाज मिटतो, तो गुन्हेगार. या तपासणीत ऑइल उडते आणि पातीही खराब होते, म्हणून जुनी पाती वापरलेली बरी.

मात्र आवाजावरच सगळा भर देणे ही या कामातली सर्वात महाग चूक आहे. वाजणारा टॅपेट निदान कळतो तरी. घट्ट टॅपेट आवाजच करत नाही. व्हॉल्व्हच्या उष्णतेचा बहुतांश भाग सीटला टेकलेल्या क्षणांत निघून जातो; तो नीट टेकलाच नाही तर कडेने वायू निसटतो आणि कड जळते. कॉम्प्रेशन जाते, सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते, पांढरा धूर टाकते, चढाला ओढत नाही. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत गेला तर फट आपोआप कमी होते, म्हणजे एरवी शांत चाललेले इंजिनही तपासावे लागते. ‘अगदी गप्प करून द्या’ असा मालकाचा हट्ट आणि कानाने टॅपेट बसवणारा मिस्त्री एकत्र आले, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाच म्हणून समजावे.

प्रत्यक्ष कामात हेडचे बोल्ट आधी टॉर्कवर घेतात, म्हणजे ठरलेल्या जोराने कसतात, टॅपेट नंतर; उलट केले तर बोल्ट कसताना माप बदलते. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ओट (अडवण), डिझेल बंद करणारी स्टॉप केबल ओढलेली, बॅटरीची अर्थ केबल काढलेली. इंजिन हातानेच फिरवायचे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. यात पिस्टन एकदम वर-खाली होणाऱ्या जोड्या अशा: १ ची जोडी ६, ५ ची २ आणि ३ ची ४. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हलतात, एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो, त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात. तेव्हा पहिल्याचे टॅपेट घ्यायचे. मग १२० अंश फिरवून दुसऱ्याचे रॉकर हलताना पाचव्याचे, आणि असेच पुढे. दोन फेऱ्यांत बाराही होतात. दोनच थांब्यांत उरकण्याची पद्धतही आहे: पहिला कॉम्प्रेशनवर असताना १ चे दोन्ही, २ व ४ चे इनलेट, ३ व ५ चे एक्झॉस्ट, एक फेरी देऊन उरलेले. वेळ वाचतो, पण नवशिक्याने जोडीचीच पद्धत धरावी, कारण तिच्यात चूक डोळ्यांना दिसते.

पाती किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू जागेवर धरणारा चेकनट कसताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून कसल्यावर पुन्हा मोजतात. इनलेटला ०.२० ची जाते आणि ०.२५ ची जात नाही, इतकी खात्री पुरते.

माप बरोबर असूनही आवाज येत असेल तर रॉकरचे तोंड पाहावे. तिथे खळगा पडला असेल तर सपाट पाती त्याच्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट खळग्याएवढी जास्त राहते. असा रॉकर घासून किंवा बदलूनच भागते. स्क्रू आणखी पिळणे हा उपाय नव्हे. पुशरॉड काचेवर लोळवला की वाक कळतो. रॉकरच्या बुशला खेळ आहे का, वरती ऑइल येते का, तेही बघतात. ऑइलचे भोक गाळाने बुजले असेल तर नवा रॉकरही लवकर जातो. चेकनट घट्ट असूनही एकाच व्हॉल्व्हची फट पुन्हा पुन्हा वाढत असेल तर पुशरॉडवर डायल गेज लावून उचल मोजतात आणि इतर सिलिंडरच्या त्याच जातीच्या व्हॉल्व्हशी ताडून पाहतात. उचल कमी भरली तर कॅम किंवा टॅपेटचा तळ झिजला आहे. सिक्स बीटीमध्ये टॅपेट खालून घातलेले असतात, त्यामुळे ते बदलायला कॅमशाफ्टच बाहेर काढावा लागतो, आणि एका दुपारचे काम काही दिवसांवर जाते.